बायोइन्फॉर्मॅटिक्स शिकायचंय, चोपड्याला घरी बसून, ८ जीबीचा लॅपटॉप आहे. सुरुवात कुठून करू?

केळीचा_घड

नमस्कार मंडळी. बी.टेक. बायोइंजिनिअरिंग, तिसरं वर्ष नुकतंच संपलं. कॉलेज पुण्याकडे, घर चोपडा तालुक्यात, सध्या सुट्टीत घरीच आहे कारण इंटर्नशिपसाठी मेल पाठवले त्यांना कोणी उत्तरच दिलं नाही. म्हटलं निदान बायोइन्फॉर्मॅटिक्स तरी धड शिकून घेऊ. वेट लॅबमध्ये माझा जीव रमत नाही पण बायोलॉजी आवडते, आणि कोडिंग म्हणाल तर फर्स्ट इयरला सी आणि मग थोडं पायथन झालंय, लूप-फंक्शन येतं, त्यापुढे बोंब.

या सेमला आम्हाला बायोइन्फॉर्मॅटिक्सचा पेपर होता. नीडलमन-वुन्शचा (दोन सिक्वेन्स, म्हणजे डीएनए किंवा प्रोटीनच्या अक्षरांच्या रांगा, जुळवायच्या पद्धतीचा) तक्ता हाताने भरला, पॅम आणि ब्लोसम या जुळणीच्या गुणतक्त्यांमधला फरक पाठ केला, प्रॅक्टिकलला ब्लास्टचे (डेटाबेसात जुळणाऱ्या सिक्वेन्स शोधणारं टूल) स्क्रीनशॉट काढून जर्नलला चिकटवले, सही झाली, मार्क पण बरे पडले. पण उद्या कोणी खरी फाइल हातात दिली तर तिचं काय करायचं ते मला माहीत नाही. यूट्यूबवर रोडमॅप बघायला गेलो तर लिनक्स, पायथन, आर, मशीन लर्निंग, डॉकिंग, सिंगल सेल, सगळं एकाच चित्रात, बघूनच घाम फुटला (तसा ४४ डिग्रीत तो फुटलेलाच असतो म्हणा).

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, विंडोज. दुपारी लाइट जाते, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. तर आधी काय धरू, पायथन की आर, एवढ्याशा लॅपटॉपवर काही होतं का, आणि व्हॉट्सॲपवर फिरतात ते तीन दिवसांचे सर्टिफिकेट कोर्स पैसे भरून करावेत का? घरी वडील विचारतात की हे शिकून माणूस नेमकं करतो काय, आणि मला एका वाक्यात सांगताही येत नाही.

भुसावळ_जंक्शन

भो, ते रोडमॅपचं चित्र आधी बंद कर. मी भुसावळचा, एम.एस्सी. पुण्यातून, आता बंगळुरूला सिक्वेन्सिंगच्या डेटावर काम करतो. आमच्याकडे इंटरव्ह्यूला पोरं येतात, सीव्हीवर टूलच्या नावांची ही लांबलचक रांग, आणि विचारलं की सिक्वेन्सिंग मशीनच्या फास्टक्यू फाइलमध्ये एका रीडच्या (वाचलेल्या तुकड्याच्या) किती ओळी असतात तर वर छताकडे बघतात. (चार असतात. नाव, सिक्वेन्स, एक अधिकचं चिन्ह, आणि क्वालिटीची ओळ. क्वालिटी ३० म्हणजे ते अक्षर चुकीचं असायची शक्यता हजारात एक.) टूलचं नाव पाठ करून काही होत नाही, एक प्रश्न धर, आपल्याच भागातला, आणि त्याच्या मागे शेवटपर्यंत जा, वाटेत जे लागेल ते शीक.

मी तुला प्रश्न देतो, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा. सिकलसेल. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, आणि तुझ्या चोपड्याच्या वर सातपुड्यातले पाडे, तिथे हा शब्द आशाताईपासून शाळेतल्या गुरुजींपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. एनसीबीआयच्या (अमेरिकेतली सरकारी संस्था, तिचे डेटाबेस सगळ्यांना खुले आहेत) न्यूक्लिओटाइड डेटाबेसात जा आणि एनएम_०००५१८ टाक. हा माणसाच्या एचबीबी जीनचा, म्हणजे बीटा ग्लोबिनचा एमआरएनए. फास्टा फाइल (सिक्वेन्सची साधी टेक्स्ट फाइल) उतरवून साध्या नोटपॅडमध्ये उघड आणि कोड बिड काही न लिहिता डोळ्यांनी पहिला एटीजी शोध. तिथून तीन तीन अक्षरं तोडत जा. एटीजी, जीटीजी, सीएटी, सीटीजी, एसीटी, सीसीटी, जीएजी. थांब. हे जीएजी म्हणजे ग्लुटामिक ॲसिड. सिकलसेलमध्ये यातलं मधलं ए जाऊन तिथे टी येतो, जीटीजी होतं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलीन. अख्ख्या आजाराच्या मुळाशी एवढं एक अक्षर आहे आणि ते तू घरी पंख्याखाली बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकतोस.

आता हेच पायथनला करायला लाव. बायोपायथन ही तयार लायब्ररी लगेच इन्स्टॉल करू नकोस, ६४ कोडॉनची (तीन अक्षरांच्या गटांची) डिक्शनरी स्वतः टाइप कर, कंटाळा येईल पण कर. फाइल वाच, एटीजी शोध, स्टॉप येईपर्यंत भाषांतर कर. एटीजीपासून स्टॉपसकट ४४४ अक्षरं मिळायला हवीत, भागिले तीन १४८, त्यातला शेवटचा स्टॉप, म्हणजे १४७ अमिनो ॲसिड. तुझ्या प्रोग्रामने १४७ दिले तर गाडी रुळावर. मग ते एक अक्षर बदलून परत चालव. मग अजून एक गंमत, सीसीटी, मग कुठलंही एक अक्षर, मग एजीजी, अशी जागा एमएसटी-टू नावाचं एन्झाइम कापतं. नॉर्मल सिक्वेन्समध्ये नेमकी तिथेच ती जागा आहे आणि सिकलच्या सिक्वेन्समध्ये मोडते, पूर्वी डीएनएवरून सिकलसेल ओळखायची टेस्ट याच्यावरच उभी होती. ते शोधायला रेग्युलर एक्स्प्रेशन लागेल, ते त्या निमित्ताने शीक.

त्यानंतर ब्लास्ट. तुझं १४७ चं प्रोटीन टाक आणि पहिल्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून पळून जाऊ नकोस, खालपर्यंत जा. चिंपांझी शंभर टक्के जुळेल. माणसाचेच डेल्टा, गॅमा, एप्सिलॉन ग्लोबिन पण येतील, ते सगळे ११ नंबरच्या क्रोमोझोमवर एका रांगेत बसलेले भाऊबंद आहेत. ई-व्हॅल्यू काय ते तिथे कळतं, म्हणजे एवढ्या मोठ्या डेटाबेसात असं जुळणं निव्वळ योगायोगाने किती वेळा निघालं असतं, म्हणूनच तीच सिक्वेन्स लहान डेटाबेसवर टाकली की आकडा बदलतो.

लॅपटॉपचं म्हणशील तर एवढ्याला ८ जीबी भरपूर झाले. माणसाचा आरएनए-सीक डेटा (कोणता जीन किती चालू आहे ते दाखवणारा) स्टार नावाच्या टूलने जीनोमवर अलाइन करायला, म्हणजे जुळवायला, ३० जीबीच्या आसपास रॅम लागते, ते तुझ्याकडेही होणार नाही आणि माझ्या घरच्या लॅपटॉपवरही होत नाही. त्यासाठी गॅलॅक्सी वापर, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, काम त्यांच्या सर्व्हरवर होतं, लाइट गेली तरी तिकडे जॉब सुरूच राहतो. त्यांच्या ट्रेनिंगच्या साइटवर छोटा डेटा दिलेले धडे आहेत, एक आरएनए-सीकचा पूर्ण कर. रोज थोडा सराव हवा असेल तर रोझालिंड नावाची साइट आहे, डीएनएमधली अक्षरं मोजण्यापासून सुरू होते आणि हळूहळू घाम काढते.

शेवभाजी_टर्मिनल

वरच्या दादाशी सहमत, पण लिनक्सला त्यांनी हातच लावला नाही म्हणून लिहितो. मी जळगावचा, सॉफ्टवेअरवाला, बायोलॉजी बारावीपर्यंतच, पण पुण्यात एका जीनोमिक्स टीमबरोबर काम केलंय आणि तिथे निम्मा वेळ फाइली इकडून तिकडे करण्यातच जातो हे डोळ्यांनी पाहिलंय. विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून उबंटू घे, वेगळं मशीन नको. सीडी, एलएस, लेस, हेड, ग्रेप, कट, सॉर्ट, युनिक, डब्ल्यूसी, आणि या सगळ्यांना जोडणारा पाइप, एवढं हाताला बसलं की अर्धं काम झालं समज.

फास्टा फाइलमध्ये किती सिक्वेन्स आहेत ते मोजायला ग्रेपला मोजायचा पर्याय देऊन ग्रेटर-दॅनचं चिन्ह शोधायला सांगतात, कारण प्रत्येक सिक्वेन्सचं नाव त्या चिन्हाने सुरू होतं. ते चिन्ह अवतरणात टाकायचंच टाकायचं. नुसतं टाकलं की शेलला वाटतं की आउटपुट या फाइलमध्ये लिहायचंय, आणि तुझी फाइल पुसून रिकामी होते, विचारत बिचारत नाही. म्हणून मूळ डेटाची फाइल आली की लगेच रीड-ओन्ली करून बाजूला ठेवायची.

अजून काही बारीक त्रास सांगतो जे कुठल्याच कोर्समध्ये सांगत नाहीत. फोल्डरच्या नावात स्पेस नको, देवनागरी नाव पण नको, अर्धी टूल तिथेच मरतात. नोटपॅडने सेव्ह केलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी विंडोजचं एक जादा अक्षर असतं, ते दिसत नाही पण लिनक्समध्ये कोड अडकवतं. आणि जीनची यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नकोस रे बाबा. सेप्ट-टू, मार्च-वन अशी जीनची नावं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं, २ सप्टेंबर आणि १ मार्च. २०१६ साली कोणीतरी तपासलं तेव्हा एक्सेलमध्ये जीनची यादी जोडलेल्या पेपरांपैकी साधारण पाचातल्या एकात हा घोळ निघाला. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या कमिटीनेच हात टेकले आणि जीनची नावं बदलली, आता सेप्टिन-टू आणि मार्च-एफ-वन म्हणतात. मायक्रोसॉफ्टपुढे माणसाच्या जीनला नमतं घ्यावं लागलं, अजून काय पाहिजे.

पायथन की आर यावर इथे भांडण होईल म्हणून आधीच माझं सांगून टाकतो. पायथन. तुला येतंच आहे थोडं.

भुसावळ_जंक्शन

भांडण नाही भो, पण जीन एक्स्प्रेशनचं, म्हणजे कोणता जीन किती चालू आहे ते बघायचं, काम करायचं असेल तर त्याचं टूल डीईसेक-टू आरमध्येच आहे, बायोकंडक्टर आरमध्येच आहे, तिथे पायथनचा हट्ट धरून उपयोग नाही. आता पायथन, आर गरज पडेल तेव्हा. खरी अडचण दोन्हींच्या खाली आहे आणि ती म्हणजे स्टॅटिस्टिक्स. २० हजार जीन तपासले आणि पी-व्हॅल्यू (फरक नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल यायची शक्यता) ०.०५ च्या खाली आली की फरक आहे असं धरलं, तर काहीच फरक नसताना सुद्धा हजारेक जीन तुला "सिग्निफिकंट" म्हणून मिळतील. म्हणून बेंजामिनी-हॉकबर्गचं करेक्शन लावतात, १९९५ चं आहे, आउटपुटमध्ये पी-ॲडजस्टेड म्हणून जो कॉलम येतो तो हाच. हे न समजता डीप लर्निंगकडे जाणं म्हणजे बाग निसवायच्या आधी व्यापाऱ्याला बोलावणं.

धुळेकर_आप्पा

भाऊ मना पोऱ्या बी हाईच इचारी राहीना, बी.एस्सी. बायोटेकले शे. त्याले बी तो सर्टिफिकेटना मेसेज येल शे, पैसा भरू का नको? मराठीतच लिहितो पुढचं, मोबाइलवर अहिराणी टाइप करायला वेळ लागतो. तुम्ही सगळे शिकायचं सांगता ते बरोबर पण नोकरीचं कोणी बोलत नाही. बाप म्हणून तेच विचारतो.

पीसीआर_ताई

आप्पा, पैसे भरू नका. तीन दिवसांत झूमवर डॉकिंग शिकवून सर्टिफिकेट देतात त्याला पुढे कोणी विचारत नाही. त्यापेक्षा एनपीटीईएलवर बायोइन्फॉर्मॅटिक्सचे कोर्स आहेत, आयआयटी मद्रासचा तर अल्गोरिदमपासून सुरू होतो, शिकायला फुकट, परीक्षा द्यायची असेल तरच फी. मुलाला सर्टिफिकेटच हवं असेल तर ते घेऊ द्या.

नोकरीचं स्पष्ट सांगते. नुसत्या बी.एस्सी. किंवा बी.टेक.वर बायोइन्फॉर्मॅटिक्सच्या जागा फार थोड्या, आणि ज्या आहेत त्या बंगळुरू, हैदराबाद, पुण्याकडे, जळगाव-धुळ्यात बसून मिळणं अवघड. बहुतेक जण एम.एस्सी. किंवा एम.टेक. करतात. पुणे विद्यापीठाचं बायोइन्फॉर्मॅटिक्स सेंटर १९८७ पासून आहे, बंगळुरूला आयबॅब ही संस्था आहे. आपल्या जळगावच्या विद्यापीठात लाइफ सायन्सेसमध्ये एम.एस्सी. करून नंतर इकडे वळलेली पण माझ्या ओळखीत आहेत. बी.टेक.वाल्याने गेट बायोटेक्नॉलॉजी द्यावी, तिच्या सिलॅबसमध्ये डेटाबेस आणि सिक्वेन्स ॲनालिसिस आहेच, म्हणजे हा अभ्यास वाया जात नाही. आणि मूळ प्रश्नकर्त्याला, इंटर्नशिपचे मेल मे महिन्यात पाठवून उत्तर येत नाही रे, सायन्स ॲकॅडमींची समर फेलोशिप असते तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटाकडे भरायचे असतात. यंदा दिवाळीच्या सुट्टीत लक्षात ठेव.

मी नंदुरबार जिल्ह्यात डायग्नोस्टिक लॅबला आहे म्हणून सिकलसेलबद्दल एक. आमच्याकडे आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते, पॉझिटिव्ह आली की हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, त्यावरून एएस म्हणजे वाहक की एसएस म्हणजे रुग्ण ते ठरतं. नवरा-बायको दोघं एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असायची शक्यता २५ टक्के, हे आम्ही भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये रोज समजावून सांगतो. १ जुलै २०२३ ला शहडोलला राष्ट्रीय मिशन सुरू झालं तेव्हापासून तपासण्यांचा वेग खूप वाढलाय. आता शिकणाऱ्या मुलांचे मला मेसेज येतात की ताई थोडा डेटा द्या ना, प्रोजेक्टला हवाय. मिळणार नाही. कोणाच्या घरात सिकल आहे हे बाहेर गेलं की मुलीचं लग्न अडतं. प्रोजेक्टला पब्लिक डेटाबेस वापरा, आणि कधी खरे नमुने हाताळायची वेळ आली तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि त्या माणसाची संमती आधी, लॅपटॉप नंतर.

केळीचा_घड

सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. एचबीबीवालं केलं. १४७ आले!! डिक्शनरी टाइप करताना खरंच कंटाळा आला पण कोडॉन आता डोक्यात बसलेत. पण दोन गोष्टी अडल्यात. एक, आमच्या पुस्तकात लिहिलंय सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडचं व्हॅलीन होतं, माझ्या प्रोग्राममध्ये ते सातव्या जागी येतंय, आणि मी शून्यापासून नाही एकपासूनच मोजलंय. दुसरं, जीनोम ब्राउझरमध्ये आरएस ३३४ (सिकलच्या बदलाचा डेटाबेसातला नंबर) टाकून बघितलं तर तिथे ए चा टी नाही, टी चा ए झालाय असं दाखवतंय. उलटं कसं?

भुसावळ_जंक्शन

शाब्बास, नेमक्या जागी अडलास. दोन्ही बरोबर आहेत. पहिलं अमिनो ॲसिड मेथिओनीन, ते प्रोटीन तयार होताना कापून टाकलं जातं, रक्तातल्या बीटा ग्लोबिनमध्ये १४६ च असतात. १९५० च्या दशकात इनग्रॅम या शास्त्रज्ञाने हा बदल शोधला तो प्रत्यक्ष प्रोटीनचे तुकडे तपासून, डीएनए वाचून नाही, त्यामुळे मेथिओनीन मोजायचा प्रश्नच नव्हता आणि सहावा नंबर रूढ झाला. आताचे नियम एटीजीच्या मेथिओनीनला एक धरतात, म्हणून सात. जुन्या पेपरात ६ आणि नव्या रिपोर्टमध्ये ७ दिसला तर दोन वेगळे म्युटेशन समजू नकोस.

दुसरं म्हणजे एचबीबी हा जीन क्रोमोझोमच्या उलट धाग्यावर आहे. ब्राउझर नेहमी सुलट धागा दाखवतो, तिकडे ए च्या समोर टी असणार, म्हणून टी चा ए. जागा पण बघून ठेव, क्रोमोझोम ११, ५२२७००२, पण ती जीआरसीएच ३८ मध्ये, म्हणजे माणसाच्या जीनोमच्या नव्या बिल्डमध्ये (आवृत्तीत). जुन्या ३७ मध्ये हीच जागा ५२४८२३२ आहे. कोणी नुसता आकडा दिला आणि कुठल्या जीनोम बिल्डचा ते सांगितलं नाही तर तो आकडा परत पाठवून द्यायचा. आणि हीच जागा बेड फाइलमध्ये (जीनोममधल्या जागांची यादी) लिहिली तर ५२२७००१ ते ५२२७००२ होते कारण बेड शून्यापासून मोजतं आणि व्हीसीएफ (बदलांच्या यादीची फाइल) एकपासून. या एका घराच्या फरकापायी मोठमोठ्या लोकांचे दिवस जातात.

आता पुढची पायरी, ताईंनी सांगितलं तसं पब्लिक डेटावरच. आरएस ३३४ ची फ्रीक्वेन्सी १००० जीनोम्समध्ये (जगभरच्या लोकांच्या जीनोमचा खुला डेटा) बघ. आफ्रिकेत भरपूर दिसेल. मग साउथ एशियन म्हणून कोण आहे ते उघडून वाच. पाच गट आहेत, ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, यूकेतले तेलुगू आणि यूकेतलेच श्रीलंकन तमिळ. भिल्ल नाहीत, पावरा नाहीत, गावित नाहीत. ताईंच्या लॅबमध्ये रोज दिसणारी गोष्ट त्या डेटाबेसात जवळपास दिसतच नाही, आणि कोणी फक्त डेटाबेस बघून "दक्षिण आशियात हा व्हेरियंट नगण्य" असं लिहिलं तर कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. वडिलांना सांगायला वाक्य पाहिजे होतं ना, हे सांग. डेटा कोणाचा आहे आणि कोणाचा नाही हे बघून त्यातून खरं काय तेवढंच काढणं, असं काम.

आरामखुर्ची

एवढं सगळं कशाला करायचं? चॅटजीपीटीला सांगा, कोड तोच लिहून देतो. आणि अल्फाफोल्डने (सिक्वेन्सवरून प्रोटीनचा आकार सांगणारा एआय) तर प्रोटीनचं सगळं संपवलंय, २०२४ चं नोबेल पण मिळालं.

शेवभाजी_टर्मिनल

कोड घ्या ना त्याच्याकडून, मी पण घेतो. पण पोराने १४७ स्वतः काढलेत, आता एआयच्या कोडने १४६ किंवा १४८ दिले तर त्याला लगेच कळेल. ज्याने काढले नाहीत तो १४८ पण छापून मोकळा होईल. उत्तर माहीत असलेल्या डेटावर आधी चालवून बघायचं, मग खऱ्या डेटावर.

भुसावळ_जंक्शन

आणि अल्फाफोल्डमध्ये सिकलचं ग्लोबिन टाकून बघा, नॉर्मलसारखंच स्ट्रक्चर मिळेल. कारण प्रोटीनची घडी बिघडतच नाही. ऑक्सिजन सुटला की एका हिमोग्लोबिनवरचं ते व्हॅलीन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत, फिनिलॲलनीन ८५ आणि ल्युसीन ८८ च्या मध्ये जाऊन बसतं आणि दोऱ्या तयार होतात. प्रोटीन डेटा बँकेत २एचबीएस नावाचं स्ट्रक्चर उघडलं तर ते जोडलेलं दिसतं. प्रश्न दोन रेणूंच्या मधला आहे, एकट्या रेणूचं चित्र कितीही सुंदर असो.

रावेरचा_मावा

उशिरा आलो. मी प्लांट पॅथॉलॉजीवाला, पीएच.डी. केळीच्या व्हायरसवर सुरू आहे. पोरा, तुझं नाव केळीचा घड आणि तू सिकलसेलवरच थांबलास? सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस घे. आपल्याकडे शेतकरी हरण्या म्हणतात, पानावर पिवळे पट्टे, पोंगा सडतो, आणि मग जोमात आलेली बाग उपटून बांधावर फेकायची वेळ येते. मावा पसरवतो, आणि बागेशेजारी काकडी-भोपळा वर्गातली पिकं किंवा तण असलं की त्याला राहायला घर मिळतं.

या व्हायरसचा जीनोम आरएनएच्या तीन तुकड्यांचा. तिसऱ्या तुकड्यावर कोट प्रोटीनचा (व्हायरसच्या वरच्या आवरणाचा) जीन आहे, ६५७ अक्षरं, २१८ अमिनो ॲसिड. लहान आहे, तुझा लॅपटॉप हसत हसत करेल. एनसीबीआयमधून भारतातल्या केळीवरच्या कोट प्रोटीनच्या सिक्वेन्स काढ, बाहेरच्या काही घे, मॅफ्टने अलाइन कर, आयक्यू-ट्रीने त्यांच्या नात्यांचं झाड बनव, बूटस्ट्रॅप लाव म्हणजे फांद्या किती भरवशाच्या ते कळेल. भारतातल्या बहुतेक नोंदी सबग्रुप १बी मध्ये पडतील. तुझ्या हाताने ते झाड तयार झालं की मग पेपर वाचायला मजा येईल.

पण माझी तक्रार कॉम्प्युटरवाल्यांबद्दल जुनी आहे ती इथे नोंदवतो. सिक्वेन्स डाउनलोड करताना होस्ट कोण, जिल्हा कुठला, नमुना कोणत्या साली घेतला हे कॉलम पण उतरव. जून-जुलैत लावलेल्या मृगबागेतला नमुना की पावसाळ्यानंतर लावलेल्या कांदेबागेतला याने रोगाचं चित्र पूर्ण बदलतं आणि ते बऱ्याच नोंदींमध्ये लिहिलेलंच नसतं. जिथे नाही तिथे रिकामं ठेव, अंदाजाने भरू नकोस. आणि घरच्या बागेत जा, टिश्यूची रोपं लावली असतील तर लावणी कधीची, शेजारी काय होतं, मावा कधी दिसला हे वडिलांना विचारून वहीत लिही. एवढी माहिती कुठल्याच डेटाबेसात नाही.

केळीचा_घड

सर, वडील एकदम खुश झाले, हरण्या म्हटल्यावर त्यांनीच तासभर मला शिकवलं 😄 झाड बनवलंय. शेवभाजी दादांनी सांगितलं तसं डब्ल्यूएसएलमध्ये सगळं केलं, मोठी टूल इन्स्टॉल करायला बायोकोंडा वापरलं. बहुतेक भारतीय एकत्र आले पण दोन सिक्वेन्स भलत्याच लांब फांदीवर गेल्यात, बाकी सगळ्यांपासून तोडून टाकल्यासारख्या. नवीन स्ट्रेन असेल का?

रावेरचा_मावा

नवीन स्ट्रेन हा सगळ्यात शेवटचा अंदाज. आधी अलाइनमेंट उघडून त्या दोन ओळी डोळ्यांनी बघ. पूर्ण ओळ बाकीच्यांशी कुठेच जुळत नसेल तर ती सिक्वेन्स उलट्या धाग्याची टाकलेली असणार, जेनबँकमध्ये (एनसीबीआयचा सिक्वेन्सचा डेटाबेस) असं सर्रास असतं, मॅफ्टला दिशा तपासायचा पर्याय देऊन परत चालव. सुरुवात-शेवट नुसत्या रेघाच असतील तर ती अर्धवट सिक्वेन्स आहे, काढून टाक किंवा सगळ्यांना तेवढंच काप. व्यवस्थित जुळतेय पण चारातलं साधारण एक अक्षर वेगळं आहे असं दिसलं तर सबग्रुप २ ची असेल, तिचं रेकॉर्ड उघडून वाच. आणि झाडाला मूळ द्यायला पीनट स्टंट व्हायरसचं कोट प्रोटीन घाल, त्याच जीनसमधला आहे, नाहीतर कोणती फांदी आधीची ते सांगता येणार नाही.

अजून एक, हे झाड फक्त तिसऱ्या तुकड्याचं आहे. हे तुकडे वेगवेगळ्या स्ट्रेनमध्ये अदलाबदल होतात, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या तुकड्याचं झाड वेगळं येऊ शकतं. तेही करून बघ आणि दोन्ही इथे टाक. होस्टचा कॉलम पण टाक, मला त्यात रस आहे.